परत फिरलेल्या विमानांची बखर

अमेरिकेत एका विशिष्ट प्रकारचं पुस्तक सतत छापलं जातं आणि घरचे व मित्र सोडले तर ते फारसं कुणी वाचत नाही. लेखक बहुधा साठी ओलांडलेला. पेशाने दंतवैद्य, शेतकरी, शाळामास्तर, विमा एजंट, काहीही. तरुणपणी कधीतरी त्याने खाजगी वैमानिकाचा परवाना काढलेला असतो. मग नोकरी-धंदा सांभाळून तीस-चाळीस वर्षं तो दोन किंवा चार आसनांचं विमान उडवतो, आणि डोळे किंवा हृदय साथ देईनासं झालं की लिहायला बसतो. प्रकाशक दाद देत नाही. तेव्हा पदरमोड करून, किंवा हल्ली ॲमेझॉनसारख्या कंपनीच्या मागणीनुसार छपाईच्या सोयीमुळे फारशी पदरमोड न करताही, तो पुस्तक स्वतःच काढतो. मुखपृष्ठावर सूर्यास्त आणि विमानाचा पंख. आत मुद्रणदोष, एकसारख्या लँडिंगची तीन-तीन वर्णनं आणि शेवटी बायकोचे आभार. समीक्षक तिकडे फिरकत नाहीत, आणि फिरकलेच तर हौसेला मोल नसतं म्हणून पुढे जातात. माझं म्हणणं असं की ही पुस्तकं त्यांच्या सगळ्या गबाळेपणासकट एक असं काम करतात, जे सरकारी अपघात-अहवालाला जमत नाही आणि नामांकित प्रकाशकाच्या निवडीतूनही होत नाही. न घडलेल्या अपघातांची नोंद त्यांच्यात राहते.

हे उड्डाण कोणत्या जातीचं असतं ते आधी पाहायला हवं. वयाची सतरा वर्षं, किमान चाळीस तासांचं उड्डाण, लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा, एवढ्यावर अमेरिकेत हा परवाना मिळतो. भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. बायकामुलं, मित्र, कुत्रा चालतो. सार्वजनिक वापराचे पाच हजारांच्या आसपास विमानतळ त्या देशात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना नियंत्रण मनोरासुद्धा नाही: एक पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, पेट्रोलचा पंप, संपलं. विमानं म्हणाल तर सेसना १७२. १९५६ पासून, मधली दहा वर्षं सोडून, ही चव्वेचाळीस हजारांवर बनली. जगात दुसऱ्या कुठल्याही विमानाची संख्या तिथवर पोचलेली नाही. किंवा त्याआधीचं पायपर कब, पासष्ट अश्वशक्तीचं, पुढेमागे दोन माणसं बसवणारं. त्यात वीज नाही, स्टार्टर नाही. कुणीतरी समोर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. टाकीत पेट्रोल किती उरलं हे सांगणारं साधन म्हणजे बुचाला टोचलेली एक तार. बूच टाकीत तरंगतं, तारेचं टोक झाकणातून बाहेर डोकावतं, आणि ते खाली खाली जाऊ लागलं की उतरायची जागा शोधायची.

अशा विमानात उडण्याआधी दर वेळी एक विधी असतो. टाकीच्या तळाची झडप दाबून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढायचं आणि ते उजेडात धरून बघायचं. लहान विमानांचं नेहमीचं पेट्रोल मुद्दाम निळसर रंगवलेलं असतं. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाला बसतं आणि निळ्याखाली बिनरंगाचा थेंब वेगळा दिसतो. सगळा पेलाच बिनरंगी दिसला तर मामला अधिक गंभीर: एक तर आलंय ते सगळं पाणीच, नाहीतर कुणीतरी चुकून जेट विमानाचं इंधन भरून ठेवलंय. हीच गोष्ट अपघात-अहवालात येते तेव्हा इंजिन बंद पडून विमान शेतात आडवं झालेलं असतं. स्वतः काढलेल्या पुस्तकात ती येते तेव्हा लेखक चरफडत विमान पुन्हा हँगरमध्ये ढकलतो, बायकोला फोन करून सांगतो की आज येत नाही, आणि पुढच्या प्रकरणाला लागतो. साहित्य म्हणून ही दोन वाक्यं कवडीमोलाची असतील, पण ही घटना अन्य कुठल्याही दफ्तरात नाही.

अपघाताचं दफ्तर मात्र चोख आहे. अमेरिकेत खाजगी आणि तत्सम लहान विमानांच्या अपघातांत अलीकडच्या वर्षांत दर साली तीनशेहून अधिक माणसं गेली आहेत, आणि प्रत्येक अपघाताचा अहवाल राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडून जाहीर होतो. १६ जुलै १९९९ च्या रात्री धाकटे जॉन केनेडी पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. धुरकट हवेत, अंधाऱ्या पाण्यावर, क्षितिज दिसेनासं झालं आणि त्यांचं पायपर साराटोगा विमान समुद्रात कोसळलं. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, हा मंडळाचा निष्कर्ष. तो नवा नव्हता. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान सांभाळायला दिलं. विसांतला एकही तग धरू शकला नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणून आज परवान्याच्या शिक्षणात किमान तीन तास केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव सक्तीचा आहे, आणि ढगात शिरलात तर सावकाश अर्धवर्तुळ घेऊन आलात तसे परत फिरा, हे त्या सरावातलं मुख्य सूत्र आहे.

इथे दफ्तराची मर्यादा येते. ढगात शिरून जे कोसळले त्यांची गणती आहे. पण ढग समोर दिसताच, किंवा ढगात दहा सेकंद काढून घाबरून, जे परत फिरले त्यांची गणती कुठे? तो माणूस उतरतो, विमान दोरांनी बांधतो, घरी जातो. लॉगबुकात तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे आणि किती तास एवढंच लिहितो. शेरा लिहायच्या रकान्यात फार तर ‘हवामान खराब, परत’. तो का फिरला, किती उशिरा फिरला, फिरायला काय आड येत होतं, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. म्हणजे कोसळण्याच्या शास्त्राला भरपूर पुरावा आहे आणि सावरण्याच्या शास्त्राला जवळजवळ नाहीच.

न घडलेल्या अपघाताची हकीकत वेळेवर सांगितली गेली नाही तर काय होतं, याचा एक दाखला अमेरिकी हवाई इतिहासात फार ठळक आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं. विमानातले ९२ च्या ९२ जण गेले. नियंत्रकाच्या परवानगीचा आणि नकाशावरच्या आकड्यांचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावून विमान फार लवकर खाली आणलं होतं. चौकशीत निघालं की जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून, तीच चूक केली होती आणि थोडक्यात डोंगर चुकवला होता. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, आणि बातमी तिथेच थांबली. दुसऱ्या कंपनीपर्यंत ती पोचायची वाटच नव्हती. पुढे १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक व्यवस्था सुरू झाली: वैमानिकाने आपली चूक दहा दिवसांत लिहून कळवायची, नाव गुप्त राहील, आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल तर सहसा दंडही टळेल. आजवर तिथे वीस लाखांहून अधिक निवेदनं जमली आहेत. खाजगी वैमानिकांची हीच सवय त्याहून जुनी. ‘फ्लाइंग’ मासिकात १९३९ पासून एक सदर चालत आलं आहे, ज्यात वाचक आपल्या फजितीची गोष्ट सांगतात आणि त्यातून काय शिकलो ते लिहितात. मरता मरता वाचलेला माणूस लिहितो हीच त्या सदराची पात्रता.

मग कुणी म्हणेल, व्यवस्था आहे, सदर आहे, तीनशे पानी पुस्तक कशाला? आक्षेप रास्त आहे. गुप्त निवेदनात घटना असते, माणूस नसतो. तो काढून टाकणं हीच तिथली अट. सदरात दोन पानं मिळतात आणि शेवटी धडा द्यावा लागतो. पण लहान विमानाचा घात सहसा विमानाच्या ज्ञानातल्या उणिवेमुळे होत नाही. तो होतो सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं म्हणून, मुलीच्या लग्नाला पोचायचं असतं म्हणून, मागच्या सीटवर मेव्हणा बसलाय आणि त्याच्यासमोर कच खाल्लेली दिसू नये म्हणून. हे ताण समजायला माणसाचा संसार समजावा लागतो, त्याची बढाईखोरी आणि भित्रेपणा दोन्ही समजावे लागतात, आणि त्यासाठी पानं लागतात. ज्या प्रकरणांना संपादक ‘कौटुंबिक पाल्हाळ’ म्हणून कात्री लावेल, नेमकी तीच इथे पुरावा असतात.

जेरी मॉक यांचं उदाहरण घ्या. ओहायोतल्या कोलंबस शहरातली अडतीस वर्षांची, तीन मुलांची आई. १९ मार्च १९६४ रोजी ती अकरा वर्षं जुन्या सेसना १८० विमानातून एकटी निघाली आणि साडेएकोणतीस दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. एकटीने हे करणारी जगातली ती पहिली स्त्री. अमेलिया इअरहार्ट १९३७ मध्ये त्याच ध्यासात बेपत्ता झाल्या होत्या. मॉकच्या गाठी उड्डाणाचे साडेसातशे तास होते, आणि समुद्र तिने एकटीने पूर्वी कधी ओलांडला नव्हता. तिचं पुस्तक १९७० मध्ये आलं, रीतसर प्रकाशकाने काढलं, आणि मग बाजारातून दिसेनासं झालं. उड्डाणाच्या पन्नाशीच्या सुमारास एका लहानशा प्रकाशनाने ते पुन्हा छापलं, म्हणून आज हाताला लागतं. विक्रमाच्या नोंदीत मार्ग आहे: बर्म्युडा, अझोर्स, कराची, दिल्ली, कलकत्ता, मनिला, होनोलुलू. पुस्तकात बाकीचं आहे. जोन मेरियम स्मिथ नावाची दुसरी वैमानिक दोनच दिवस आधी निघाली होती. मॉक बर्म्युडात हवामानामुळे अडकून पडलेली, आणि फोनवरून नवरा घाई करत होता. आफ्रिकेच्या वाळवंटावर लांब तारेच्या अँटेनाची मोटर थांबेना. जळका वास आला, आणि जवळच इंधनाच्या जादा टाक्या. खटका बंद करण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. कैरो समजून ती इजिप्तच्या लष्करी तळावर उतरली. विक्रमाच्या दृष्टीने हे तपशील फाफटपसारा आहेत. पण दुसऱ्याची घाई वैमानिकाच्या निर्णयात कशी शिरते हे कुणाला शिकवायचं झालं, तर मी नोंदवही बाजूला ठेवून फोनवरच्या नवऱ्याची पानं वाचायला देईन.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. लिहितात ते वाचलेले. मेलेले लिहीत नाहीत. शिवाय म्हातारपणी आठवण दगा देते, वादळ दरवर्षी थोडं मोठं होत जातं, आणि स्वतःच प्रकाशक असलेल्या माणसाला थांबवणारं कुणी नसतं. तिन्ही खरं आहे. पहिल्याचं उत्तर वर येऊन गेलं: मेलेल्यांची बाजू दफ्तरात भक्कम आहे, दुसरी बाजू हवी आहे. फक्त ही पुस्तकं वाचून कुणी उडायला शिकलं तर त्याला वाटेल की सगळं नेहमी निभावतं, आणि ते घातक ठरेल. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं. आठवणीबाबत मात्र वैमानिकाची स्थिती इतर आत्मचरित्रकारांपेक्षा बरी आहे, कारण त्याच्याकडे लॉगबुक असतं. तारीख आहे, विमानाचा नोंदणी क्रमांक आहे, ठिकाणं आहेत. त्या दिवशीचं हवामान सरकारी अभिलेखात सापडतं. गोष्ट ताडून पाहता येते, आणि वाचणारे बहुतेक वैमानिकच असल्यामुळे थाप पचणं अवघड. सेसनाचं कार्बुरेटर उन्हाळ्यातल्या दमट दिवशीसुद्धा आतून गोठू शकतं, आणि गरम हवेचा दांडा ओढल्यावर इंजिन सुधारण्याआधी काही क्षण आणखीच खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. ज्याने हे भोगलंय तो तो खडखडाट लिहितो. ज्याने ऐकीव माहितीवर लिहिलंय, त्याचं इंजिन दांडा ओढताच गुळगुळीत चालू लागतं.

संपादक नसण्याबद्दल आपल्याकडच्या वाचकाला वेगळं उदाहरण शोधायला नको. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, १८५७ च्या बंडात सापडले, झाशी लुटली जाताना तिथे होते, आणि पुढे १८८३ मध्ये त्यांनी तो सगळा प्रवास मोडीत लिहून काढला. ते सैनिक नव्हते, मुत्सद्दी नव्हते, लेखक तर नव्हतेच. ‘माझा प्रवास’ छापून आलं ते १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हस्ते. वैद्य थोर विद्वान, पण त्यांनी मजकुरात फेरफार केले, काही गाळलं. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात टिकलं म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये गोडसे भटजींचा स्वतःचा मजकूर वाचकांपुढे ठेवता आला. आज अभ्यासक कोणत्या आवृत्तीकडे वळतात? आणि संपादकाने, नामांकित प्रकाशकाने हात लावला म्हणजे खरेपणाची हमी मिळते असंही नाही. वैमानिक बेरिल मार्कहॅम यांचं आत्मकथन ‘वेस्ट विथ द नाइट’ १९४२ मध्ये रीतसर निघालं, विसरलं गेलं, हेमिंग्वेच्या एका पत्रातल्या स्तुतीमुळे १९८३ मध्ये पुन्हा उजेडात आलं आणि गाजलं. पण ते खरोखर त्यांनी लिहिलं की त्यांच्या लेखक नवऱ्याने, हा वाद अजून मिटलेला नाही. इतकं सुंदर गद्य कुणाचं, ही शंका स्वतः काढलेल्या पुस्तकाबाबत कुणी घेत नाही, हा त्या गबाळेपणाचा फायदाच म्हणायचा! मुद्रितशोधन मात्र या लेखकांनी करून घ्यावं, आणि बालपणाची पहिली चाळीस पानं बिनदिक्कत काढून टाकावीत. तिथे मी समीक्षकांच्या बाजूने आहे.

हा श्रीमंतांचा छंद, त्याची कसली बखर, असंही ऐकू येतं. आज ते बऱ्याच अंशी खरं आहे. पूर्वी तितकं नव्हतं. १९६६ मध्ये न्यू जर्सीतले सतरा आणि पंधरा वर्षांचे दोन भाऊ तीनशे डॉलरना घेतलेलं जुनं पायपर कब स्वतः दुरुस्त करून, रेडिओशिवाय, कॅलिफोर्नियापर्यंत घेऊन गेले. धाकट्याने, रिंकर बकने, ती हकीकत १९९७ मध्ये लिहिली. पुढे अपघातांच्या दाव्यांनी कारखानदार बेजार झाले, सेसनाने १९८६ मध्ये लहान विमानं बनवणं थांबवलं, १९९४ च्या कायद्याने उत्पादकांची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित केल्यावर पुन्हा सुरू केलं, पण किमती हाताबाहेर गेल्या. १९८० च्या सुमारास अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक खाजगी वैमानिक होते. आता जेमतेम निम्मे उरलेत. शेतकरी आणि शाळामास्तर शनिवारी विमान काढत होते तो काळ ओसरतो आहे, आणि त्याची आतून लिहिलेली हकीकत या पुस्तकांखेरीज फारशी कुठे नाही.

आपल्याकडे तर तेवढीही नाही. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला. १९३० मध्ये आगाखान बक्षिसासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडण्याची चुरस लागली, त्यात ते अस्पी इंजिनियरकडून हरले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून ते जुहूला उतरले, आणि पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला. एवढा माणूस, पण आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. आपल्याला जे कळतं ते रुसी लालांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातून आणि त्यांच्या भाषणांतून. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा. तिथे, नागपूरला, बारामतीला, धुळ्याला शिकलेल्या आणि आता अमेरिका-कॅनडात हौसेने सेसना उडवणाऱ्या मराठी माणसांकडे लॉगबुकं आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात घाटावर ढग कसे अचानक उतरतात, आणि तेव्हा कोण कुठून परत फिरलं, हे त्यांनाच ठाऊक.

तेव्हा विनंती त्यांना आहे. शैलीची काळजी करू नका, प्रकाशकाची वाट पाहू नका. परत फिरलात ते दिवस आधी लिहा, पोचलात ते नंतर. भारतात पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि पन्नास प्रती छापणं आता परवडतं. त्या पन्नासांतल्या चार नातेवाइकांना वाटू नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कनेमारा, दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांच्याकडे पाठवायची असते. तुम्हीच प्रकाशक असाल तर ते काम तुमचं आहे.